बाज म्हणायची लाज

चौथ्या शतकातली सायप्रस बेटावरची गोष्ट. सोझोमेन नावाच्या इतिहासकाराने ती पुढच्या शतकात लिहून ठेवली. बेटावरचे बिशप एकत्र जमले होते आणि प्रवचनाचा मान त्रिफिल्लिओस यांना मिळाला होता. हे बैरूतला कायदा शिकून आलेले, बोलण्यात तरबेज. येशू एका पांगळ्या माणसाला अंथरूण उचलून चालायला सांगतो, तो प्रसंग प्रवचनात आला. मूळ ग्रीकमध्ये त्या अंथरुणासाठी ‘क्राबात्तोस’ असा शब्द आहे. त्रिफिल्लिओस यांनी तो टाळला आणि त्याऐवजी ‘स्किम्पूस’ म्हटलं. ऐकणाऱ्यांत स्पिरिडोन नावाचे दुसरे बिशप होते. हे बिशप झाल्यावरही मेंढरं राखत. ते भडकले. ज्याने ‘क्राबात्तोस’ म्हटलं त्याच्यापेक्षा तू मोठा आहेस का, त्याचा शब्द वापरायची तुला लाज वाटते का, असं भर सभेत विचारून ते आसनावरून उठून चालते झाले.

दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच: उचलून नेता येईल असं साधं अंथरूण, छोटी बाज. फरक फक्त प्रतिष्ठेचा. दुसऱ्या शतकात फ्रिनिखोस नावाचा एक भाषाशुद्धीवाला होऊन गेला. काय म्हणावं आणि काय म्हणू नये, याची त्याने यादीच केली होती. ‘क्राबात्तोस’ म्हणू नका, ‘स्किम्पूस’ म्हणा, असं त्या यादीत आहे. म्हणजे शिकलेल्या बिशपांनी देवाच्या पुत्राचं प्रमाणलेखन तपासून दिलं होतं. आपल्याकडे कुणी ‘बाज’ खोडून ‘शय्या’ लिहावं, तसंच.

नव्या कराराच्या ग्रीकबद्दल लिहायचं तर मला ही गोष्ट सर्वांत उपयोगी वाटते. कारण या भाषेवर गेली दोन हजार वर्षं दोन प्रकारची माणसं बोलत आली आहेत. एकांना ती सुधारावीशी वाटते, दुसऱ्यांना तिची पूजा करावीशी वाटते. ती वाक्यावाक्याने वाचणारे त्या मानाने कमीच.

कोणतं ग्रीक?

आधी थोडी पार्श्वभूमी. प्लेटो, सॉफोक्लीस यांचं ग्रीक हे अथेन्सचं, इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकातलं. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर ग्रीक ही इजिप्तपासून सीरियापर्यंत व्यवहाराची भाषा झाली. बाजारात, कचेरीत, सैन्यात बोलली जाणारी ही भाषा म्हणजे ‘कोईने’, म्हणजे सगळ्यांची सामाईक. नवा करार लिहिला गेला पहिल्या शतकात, फार तर दुसऱ्याच्या सुरुवातीला, आणि तो या कोईनेमध्ये आहे. नेमक्या त्याच काळात शिकलेल्या वर्गात उलटी लाट होती. चारशे-पाचशे वर्षं जुन्या अथेन्सची भाषा म्हणजेच शुद्ध भाषा, बाकी सगळं गावंढळ, असं मानलं जाऊ लागलं होतं. फ्रिनिखोस त्या लाटेतला.

त्यामुळे शिकलेल्या ग्रीक वाचकाने मार्कचं शुभवर्तमान उघडलं की पहिल्याच पानावर त्याच्या कपाळाला आठी पडत असणार. पुढे शतकानुशतकं काही पंडितांनी हे ग्रीक मुळात शुद्धच आहे असा दावा केला. काहींनी ते हिब्रू वळणाचं आहे असं म्हटलं. कुणी तर हे पवित्र आत्म्याचं खास ग्रीक आहे, इतर कुठे सापडत नाही, असंही सुचवलं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तच्या वाळूने या शेवटच्या कल्पनेची हवा काढली. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज संशोधकांनी ऑक्सिरिंकस या जुन्या गावाचे उकिरडे खणायला घेतले. पपायरसचे ढीग निघाले: पावत्या, अर्ज, करार, घरगुती पत्रं. त्यातलं एक पत्र थेओन नावाच्या लहान मुलाचं आहे. बाप त्याला न घेता अलेक्झांड्रियाला गेला म्हणून पोरगं रुसलंय. मला नेलं नाहीस तर मी तुला पत्र लिहिणार नाही, बोलणार नाही, जेवणार नाही, पाणी पिणार नाही, अशी धमकी देतंय. स्पेलिंगच्या चुका ओळीओळीला. पण पत्र इतकं जिवंत आहे की चुका दुरुस्त करायला हात धजावत नाही.

आडोल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने असे कागद नव्या कराराशेजारी ठेवून दाखवलं, की ज्यांना आपण ‘पवित्र’ शब्द समजत होतो त्यातले कितीतरी पावत्यांमध्ये आणि पत्रांमध्ये रोज वापरले जात होते. १९०८ साली आलेलं त्याचं ‘पूर्वेकडून प्रकाश’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक गाजलं. त्यातून एक लोभस चित्र तयार झालं: साध्या माणसांनी साध्या माणसांसाठी साध्या भाषेत लिहिलेला ग्रंथ.

मला हे चित्र आवडतं, पण ते अर्धंच खरं आहे. नव्या करारात एक ग्रीक नाहीच, अनेक आहेत. इब्री लोकांस लिहिलेलं पत्र पहिल्या वाक्यात ‘प’चा अनुप्रास साधतं आणि लांबलचक वाक्य तोल न जाऊ देता पेलतं. ते लिहिणारा वक्तृत्व शिकलेला होता, हे उघड आहे. सगळ्यांना एकाच ‘साधेपणा’च्या गोणीत भरणं हीसुद्धा न वाचण्याचीच एक तऱ्हा.

मार्क: ‘आणि’, ‘आणि’, ‘आणि’

मार्कपासून सुरू करू. त्याचा आवडता शब्द ‘काई’, म्हणजे ‘आणि’. ग्रीक भाषेत वाक्यं एकमेकांत गुंफायची ढीगभर साधनं आहेत: जरी-तरी, म्हणून, तेव्हा, उलटपक्षी. मार्क ती बहुतेक बाजूला ठेवतो आणि एकापुढे एक वाक्यं मांडत जातो. त्याच्या मजकुराचे जे छोटे छोटे प्रसंग पडतात, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवातही ‘काई’नेच होते. दुसरा लाडका शब्द ‘एउथिस’, म्हणजे ‘लगेच’. सोळा छोट्या प्रकरणांत तो चाळीसेक वेळा येतो.

तिसरी खोड मराठी वाचकाला चटकन कळेल. मार्क भूतकाळात गोष्ट सांगता सांगता मध्येच वर्तमानकाळात उडी मारतो. असं सुमारे दीडशे वेळा. आपणही हेच करतो: “काल मी स्टेशनवर गेलो, बघतो तर काय, हा समोर उभा! मी म्हणतो, अरे तू इथे कसा?” यात काळाची चूक झाली असं कुणी म्हणत नाही. ऐकणाऱ्याला त्या जागी नेऊन उभं करायची ही युक्ती आहे, आणि ती बोलण्यातून येते. पेत्र ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हणून येशूला नाकारतो, त्या प्रसंगात हे दिसतं. पेत्र खाली अंगणात शेकत बसलाय, आणि मोलकरीण ‘येते’. आली नव्हे, येते. पुढचा सगळा घोळ त्या क्रियापदापासून सुरू होतो.

मत्तय आणि लूक यांनी मार्कचा मजकूर समोर ठेवून आपापली शुभवर्तमानं लिहिली, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याकडे चक्क आधीचा आणि नंतरचा खर्डा आहे. लूकने काय केलं? मार्ककडून घेतलेल्या मजकुरातले ते वर्तमानकाळ त्याने जवळजवळ सगळे पुसले. ‘काई’ कमी केले, वाक्यं एकमेकांत गुंफली. आणि ‘क्राबात्तोस’? मार्कच्या दुसऱ्या प्रकरणात चौघं जण एका पांगळ्याला येशूकडे आणतात आणि त्या गोष्टीत तो शब्द चारदा येतो. मत्तय त्याऐवजी पलंगासाठीचा नेहमीचा शब्द घालतो. लूकही तोच घालतो, नंतर त्याचं लघुरूप वापरतो, आणि शेवटी तर ज्यावर तो पडून होता ते, अशी वळसा घालून सोय लावतो.

त्याच गोष्टीतला आणखी एक बदल मला जास्त बोलका वाटतो. गर्दीमुळे ते चौघं दारातून आत जाऊ शकत नाहीत, म्हणून वर चढून छपरातून रोग्याला खाली सोडतात. मार्कमध्ये ते छप्पर ‘उकरतात’. म्हणजे ते मातीचं असणार, आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखं. लूकमध्ये ते त्याला कौलांमधून खाली सोडतात. लूकने भाषेबरोबर घरही सुधारून दिलं! त्याच्या शहरी वाचकाला छप्पर म्हटलं की कौलंच डोळ्यांपुढे येत असतील. पण त्यात गालीलमधली माती गेली, हाताची नखं गेली, खाली बसलेल्यांच्या डोक्यावर पडलेली ढेकळं गेली.

यावरून लूकला उच्चभ्रू ठरवून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तोही नीट वाचला पाहिजे. त्याच्या शुभवर्तमानाची सुरुवात म्हणजे बेचाळीस ग्रीक शब्दांचं एकच वाक्य आहे, एखाद्या शास्त्रोक्त इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेसारखं. पहिलाच शब्द इतका ग्रांथिक की नव्या करारात पुन्हा कुठेही येत नाही. आणि पाचव्या ओवीला एकदम नूर पालटतो. हेरोद राजाच्या काळातली गोष्ट सुरू होते आणि ग्रीक थेट जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरासारखं, हिब्रू वळणाचं होतं. एकाच माणसाने एका पानावर दोन पोशाख बदलले. पहिल्यात तो ग्रीक वाचकाला सांगतो की मला तुमच्या पद्धतीने लिहिता येतं. दुसऱ्यात तो सांगतो की ही गोष्ट मात्र त्या जुन्या गोष्टींच्या माळेतली आहे. आणि मार्कमधून गाळलेला ‘क्राबात्तोस’ प्रेषितांच्या कृत्यांत लूक स्वतःच दोनदा वापरतो. शब्द त्याला ठाऊक होता, चालतही होता. कुठे वापरायचा ते तो ठरवत होता.

नाव वाकत नाही

आता सर्वांत ‘अशुद्ध’ पुस्तक: प्रकटीकरण. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप दिओनिसिओस यांनी याच्या भाषेवर जे लिहिलं, ते समीक्षेचा नमुना म्हणून आजही वाचावं असं आहे. योहानाचं शुभवर्तमान निर्दोष ग्रीकमध्ये आहे आणि प्रकटीकरण व्याकरणाच्या चुकांनी भरलेलं आहे, तेव्हा दोन्ही एकाच माणसाने लिहिलेली नसणार, असं त्यांनी मांडलं. श्रद्धावान माणसाने, धर्मग्रंथाबद्दल, भाषेच्या पुराव्याचाही आधार घेऊन.

सर्वांत प्रसिद्ध चूक पहिल्या प्रकरणाच्या चौथ्या ओवीत आहे. ग्रीकमध्ये ‘आपो’ म्हणजे ‘पासून’. त्याच्यापुढच्या नामाची विभक्ती बदलावीच लागते, जशी मराठीत ‘घोडा’चं ‘घोड्यापासून’ होतं. इथे मात्र ‘आपो’नंतर देवाचं वर्णन येतं आणि ते सरळ प्रथमेत, जणू ‘घोडापासून’. ग्रीक शिकणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ही चूक करणार नाही. पण गंमत पुढे आहे. त्याच वाक्यात, काही शब्दांनंतर, ‘आपो’ पुन्हा येतं, आणि या वेळी विभक्ती अगदी बरोबर. म्हणजे नियम त्याला माहीत होता.

मग मोडला का? देवासाठी त्याने वापरलेले शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात देव स्वतःची ओळख सांगतो तिथले आहेत. ते त्याच्यासाठी नाव आहे, आणि हे नाव विभक्तीपुढे वाकत नाही. आपल्या भाषेत हे सध्या रोज घडतंय. ‘सीता’चं ‘सीतेला’ होतं, पण वर्गातल्या ‘स्मिता’चं आपण ‘स्मिताला’च करतो. ‘स्मितेला’ म्हटलं तर ती आजीच्या काळातली वाटते. आपल्या कानाला नाव जसंच्या तसं हवं असतं. फरक एवढाच की आपल्याकडे आता ती रीत झाली आहे, आणि प्रकटीकरणाच्या पहिल्या श्रोत्यांना ते दाताखाली खडा यावा तसं लागलं असणार. तो खडा मुद्दाम ठेवलेला आहे, असं मी वाचतो.

पण इथे सावध राहायला हवं. या पुस्तकात विभक्तीचे इतरही घोळ आहेत, आणि प्रत्येकामागे खोल अर्थ शोधणं म्हणजे आंधळी भक्ती. आर. एच. चार्ल्स या अभ्यासकाने १९२० च्या आपल्या भाष्यात या भाषेचं वेगळं व्याकरणच मांडलं. त्याचं म्हणणं होतं की हा माणूस ग्रीकमध्ये लिहितो पण विचार हिब्रूत करतो. काही ठिकाणी तेवढंच स्पष्टीकरण पुरेसं आहे. दुसऱ्या भाषेत लिहिणाऱ्याच्या चुका होतात. मुद्दा इतकाच, की कुठली चूक आहे आणि कुठली निवड, हे ओळीजवळ जाऊनच ठरतं. लेखक मोठा की छोटा, पवित्र की अडाणी, हे आधी ठरवून ते कळत नाही.

कोणाची गोष्ट गंभीर?

या सगळ्यात पणाला काय लागलंय? याचं सर्वांत चांगलं उत्तर एरिश आउअरबाखने दिलं. हा जर्मन ज्यू प्राध्यापक नाझींमुळे देशोधडीला लागून इस्तंबूलला पोचला. तिथे, युद्धाच्या वर्षांत, त्याने ‘मिमेसिस’ लिहिलं. ते १९४६ साली प्रसिद्ध झालं. त्यात तो पेत्राच्या त्याच नकाराच्या प्रसंगावर थांबतो आणि म्हणतो, की प्राचीन साहित्यात उंच शैली थोरामोठ्यांसाठी राखीव होती. कोळी, मोलकरीण, अंगणातली शेकोटी हा विनोदाचा ऐवज. एका कोळ्याच्या मनातला पेच इतक्या गांभीर्याने सांगायला त्या साहित्यव्यवस्थेत खानाच नव्हता. मार्कने तो प्रसंग लिहिला आणि खाना तयार झाला.

आउअरबाखशी माझं एका ठिकाणी पटत नाही. मार्कने हे कलेच्या हेतूने केलेलं नाही, असा त्याचा सूर आहे. पण रचना बघा. पेत्र अंगणात शिरतो, शेकत बसतो, आणि तिथेच मार्क त्याला सोडून वर चाललेल्या येशूच्या चौकशीकडे वळतो. ती पूर्ण सांगून पुन्हा खाली पेत्राकडे येतो. वर एक जण खरं बोलून मरणाकडे चाललाय, त्याच वेळी खाली दुसरा खोटं बोलून जीव वाचवतोय. ही जोडणी आपोआप होत नाही. साधी वाक्यं लिहिणारा माणूस साधाभोळा असतो, हा समज बड्या समीक्षकांचाही सुटत नाही.

मार्कच्या शेवटाचंही तसंच. सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत हे शुभवर्तमान सोळाव्या प्रकरणाच्या आठव्या ओवीला संपतं. बायका रिकाम्या कबरीपासून पळतात आणि भीतीपोटी कुणालाच काही सांगत नाहीत. शेवटचा शब्द ‘गार’, म्हणजे ‘कारण’. ‘कारण’वर पुस्तक संपेल कसं, पान फाटलं असणार, असं अनेकांना वाटलं. पुढे कुणीतरी आणखी बारा ओव्या जोडल्याही. पण ग्रीक ‘गार’ वाक्यात पहिला येऊच शकत नाही. दोनच शब्दांचं वाक्य असेल तर तो शेवटीच येणार. आपल्या ‘ना’सारखा: “तो आला नाही. आजारी होता ना.” व्याकरण पूर्ण आहे. अपुरं वाटतं ते आपल्याला, कारण त्या बायका गप्प राहिल्या तर ही गोष्ट आपल्यापर्यंत पोचली कशी, हा प्रश्न मार्क आपल्या पदरात टाकून निघून जातो. मार्क तिथेच थांबला की पुढचं हरवलं, यावर अजून वाद आहे. माझं मत थांबण्याच्या बाजूने आहे. दीडशे वेळा आपल्याला जागेवर नेऊन उभं करणाऱ्या माणसाला हा शेवट शोभतो.

सगळे एका आवाजात

भाषांतरात यातलं बरंच जातं. बहुतेक भाषांतरं मार्कचे वर्तमानकाळ भूतकाळात नेतात. ‘न्यू अमेरिकन स्टँडर्ड बायबल’ अशा क्रियापदांवर निदान चांदणी छापतं. प्रकटीकरणातला खडा काढून टाकला जातो. मग मार्क, लूक, पौल, प्रकटीकरणाचा योहान हे सगळे एकाच गंभीर, इस्त्री केलेल्या आवाजात बोलू लागतात. तो आवाज यांतल्या कुणाचाच नाही. तो त्रिफिल्लिओसचा आहे.

मराठीत हा पेच एका थोर बाईने अंगावर घेतला होता. पंडिता रमाबाईंची ‘पंडिता’ ही पदवी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकून दिलेली. ‘शय्या’ म्हणण्याचा अधिकार महाराष्ट्रात कुणाला असेल तर तो त्यांना होता. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला मुक्ती मिशनमध्ये वर्षानुवर्षं खपून, बायबल मराठीत आणलं, आणि ते मुद्दाम सोप्या मराठीत, कमी शिकलेल्या बायांना कळेल असं. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. सगळ्या लेखकांना सोपं केलं की त्यांच्यातले फरक पुसले जाण्याचा धोका उरतोच. कठीण लिहिणाऱ्या इब्री-पत्राच्या लेखकावर त्यातही अन्यायच होणार. पण ज्याच्याजवळ पलंग आहे त्याने बाज निवडणं आणि ज्याच्याजवळ बाजच आहे त्याला पलंग म्हणायला लावणं, यांत मोठं अंतर आहे.

आजच्या ग्रीसमध्ये रोजच्या बोलण्यात पलंगाला ‘क्रेवाती’ म्हणतात. हा त्याच ‘क्राबात्तोस’चा वंशज. फ्रिनिखोसने शिफारस केलेला ‘स्किम्पूस’ शोधायला आता जुन्या ग्रीकचा शब्दकोश उघडावा लागतो.